विहिरीतलं कडवं

पंक्चरबाईचा आवाज मोठा होता, यात तिचा काही दोष नव्हता. दुकानात दिवसभर कंप्रेसर धडधडतो, समोरून ट्रक जातात, गिऱ्हाईक गाडीवरून खाली न उतरताच बोलतं. अशा जागी हळू बोलणाऱ्याचा धंदा बसतो. नवरा गेला तेव्हा चार शहाण्यांनी घरी येऊन सांगितलं, दुकान विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही हे. तिने विकलं नाही. पुढे त्याच शहाण्यांनी भर उन्हात घाम गाळत आपल्या गाड्या तिच्या दारापर्यंत ढकलत आणल्या, आणि चाक खोलायच्या आधी तिने एवढंच विचारलं, "बाईमाणसाने हात लावला तर चालेल ना?" तेव्हापासून चर्चच्या सगळ्या मंडळीत तिचं नाव पंक्चरबाई पडलं. बाप्तिस्म्याचं नाव होतं, पण ते आता फक्त देवाच्या लक्षात असेल.

त्या दुपारी ती टबातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधत होती, तेव्हा तिचा दीर आला. नवऱ्याचा पाठचा भाऊ. देह दारात मावायचा नाही आणि धीर मुठीत मावायचा, असा माणूस. चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष असलेल्या कंत्राटदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. आत न येता तो उगाच टायरांची रास बघत उभा राहिला.

"भाऊजी, टायर विकत घ्यायचाय का?"

"नाही वहिनी. रविवारचं ठरलं, ते सांगायला आलो."

रविवारी पाळकबाबांचा निरोप होता. या चर्चमध्ये येऊन त्यांना तीस वर्षं उलटून गेली होती. इथल्या अर्ध्या लोकांच्या डोक्यावर त्यांनी पाणी घातलं, उरलेल्यांची लग्नं लावली आणि पुष्कळांना मातीत ठेवलं. आता ते म्हातारे झाले होते, बायकोला घेऊन लेकीकडे राहायला निघाले होते.

"काय ठरलं?"

"बिशपसाहेब येणार. मोठ्या चर्चचं गायकमंडळ येणार, निळ्या झग्यांतलं. त्यांचा कीबोर्ड, त्यांचे माईक. सगळं त्यांचंच."

"मग आपलं काय?"

"आपल्या खुर्च्या."

बाई हसली नाही. "आणि आपलं गीत?"

दिराने टायरांवरची नजर काढली नाही. "गीत तेच आहे. पण ते म्हणणार, आपण ऐकायचं. आमचे मालक म्हणाले, पाळकबाबांनी त्या दिवशी आराम करावा. सूरबीर द्यायचा नाही. बिशपसाहेबांसमोर शोभा नको."

पंक्चरबाईने पाण्यातून हात काढला. बुडबुडा सापडला होता, पण खूण करायचं राहून गेलं.

हे गीत काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर बाईचा राग कळायचा नाही.

पाळकबाबांना गाता येत नव्हतं. बोलायला उभे राहिले की दगडाला पाझर फुटायचा, आणि गायला लागले की पाझर पुन्हा दगडात जायचा. ते इथे पहिल्यांदा आले त्या रविवारी पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला होता. पेटी वाजेना. मग नव्या पाळकाने स्वतःच गीत उचललं. वाटेने चालणाऱ्यांचं ते गीत, "चालत राहू, हात न सोडू" असं सुरू होणारं. सूर इतका खाली लागला की विहिरीत बादली सोडावी आणि ती तळालाच जाऊन टेकावी. पुढच्या बाकांवर कमिटीची माणसं बसायची, कोट घातलेली. त्यांच्यात खसखस पिकली. कुणी तोंडाला रुमाल लावला, कुणाला एकदम खोकला आला. पाळकबाबा एकटेच त्या विहिरीत गात राहिले, कान लालबुंद, डोळे पुस्तकात.

तेव्हा सगळ्यात मागच्या बाकावरून पंक्चरबाईची सासू उठली. गल्लीतले लहानथोर तिला आत्या म्हणायचे. आत्याचा आवाज घोगरा, पुरुषी. तिने नेमका तोच सूर धरला, तितकाच खाली, तितकाच वाकडा. आत्याचा न्याय सरळ होता: पाहुण्याने भाजीत मीठ जास्त टाकलं तर आपण तोंड वाकडं न करता तेवढंच खारट खायचं. तिच्या पाठोपाठ तिची दोन्ही पोरं उठली, मग इस्त्रीवाला, मग वॉचमन. मागचे सगळे बाप्ये विहिरीत उतरले. बायकांचा आवाज एवढा खाली जाईना, त्या बिचाऱ्या ओठ मिटून उभ्या राहिल्या. पहिलं कडवं संपलं आणि दुसऱ्याला सगळ्या बायका एकदम वरच्या सुरात आल्या. इतका वेळ कोंडून ठेवलेला श्वास तो. पत्र्याचं छप्पर थरथरलं म्हणतात. पुढच्या बाकांवरचा खोकला बरा झाला.

तेव्हापासून ते गीत इथे तसंच. पहिलं कडवं विहिरीत, दुसरं छपरावर. पेटी दुरुस्त झाली, तरी पेटीवाला पहिल्या कडव्याला हात मांडीवर ठेवून बसायचा. आणि एक रीत पडली. इतर गीतांना माणसं आधी उभी राहायची. या गीताला आधी बसून राहायचं, पाळकबाबांनी दिलेला सूर नक्की कुठला आहे ते कळेपर्यंत ऐकायचं, आणि कळला की उठायचं. कळायला वेळ लागायचा, म्हणून ही रीत. मंडळीतली पोरं दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये गेली की तिथेही गीत सुरू झाल्यावर बसून राहायची आणि शिव्या खायची.

आता यात रागावण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. तर पंक्चरबाईचं एक वेगळं होतं.

तिचा नवरा याच दुकानात गेला. कंत्राटदाराच्या ट्रकचं चाक आलं होतं. रिमला तडा होता. नवरा म्हणाला, ही बदला. कंत्राटदार म्हणाला, आज हवा भर, खेप जाऊ दे, उद्या बदलू. हवा भरताना रिम उडाली. त्या दिवशी काय दिसलं ते बाईने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगायचं कारण नाही. अंत्यविधीला कंत्राटदार भलंमोठं फुलांचं चक्र घेऊन आला आणि डोळे पुसत म्हणाला, "देवाची इच्छा." पैसेवाल्याला देवाची इच्छा फार लवकर कळते, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या घरी कळते.

पाळकबाबा तेव्हा वेदीपाशी उभे होते. त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "देवाच्या नावावर काही खपवू नका. देवाची इच्छा तडकली नव्हती. रिम तडकली होती." मग ते कंत्राटदाराकडे बघून म्हणाले, "चाक तुमचं होतं. पहिला खांदा तुमचा." आणि कमिटीच्या त्या अध्यक्षाला, ज्याच्या वर्गणीवर चर्चची भिंत उभी होती, पंक्चरवाल्याच्या शवपेटीला खांदा देऊन दफनभूमीपर्यंत चालावं लागलं. कोटावर धूळ बसली. ती धूळ तो अजून झटकतोय.

तिथे मातीच्या कडेला ते गीत झालं. पाळकबाबांनी सूर दिला आणि बायका नेहमीसारख्या ओठ मिटून उभ्या राहिल्या. पंक्चरबाईला त्या दिवशी वर कुठे जागाच नव्हती. तिला खाली जायचं होतं, जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत, आणि त्या सुरात तेवढी जागा होती. ती बाप्यांबरोबर विहिरीत उतरली. आणि दुसऱ्या कडव्याला बायकांनी तिला वर ओढून काढलं. त्यानंतर पहिलं कडवं म्हणणारी मंडळीतली ती एकटी बाई.

तो सूर आता कंत्राटदार बंद करणार होता, शोभा नको म्हणून.

संध्याकाळी दुकान बंद करून, हातावरचं काळं घासून ती पाळकांच्या घरी गेली. दार उघडंच होतं. खोलीभर खोकी. पाळकबाबा जमिनीवर बसून पुस्तकं सुतळीने बांधत होते, आणि पाळकीणबाई त्यांनी बांधलेले गठ्ठे सोडून नीट बांधत होत्या.

"ये सूनबाई," पाळकबाबा म्हणाले. आत्याची सून म्हणून ते तिला पहिल्यापासून सूनबाईच म्हणायचे. "बस. खुर्ची नाही, 'पवित्र शास्त्राचा इतिहास' आहे, त्यावर बस. इतकी वर्षं कुणाच्या तरी उपयोगी पडावा."

ती बसली नाही. "बाबा, रविवारी सूर कोण देणार?"

त्यांनी सुतळीची गाठ मारली. ती लगेच सुटली. "कमिटीने ठरवलंय ना."

"तुम्ही काय ठरवलंय?"

"मी हो म्हटलं. जाता जाता भांडण नको."

"तुम्ही? भांडण नको?" बाईचा आवाज चढला आणि कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या. "नगरपालिकेच्या पाण्यासाठी टाकीवर चढून बसला होतात तेव्हा काय करत होतात, हवा खात होतात?"

"तेव्हा दुसऱ्यासाठी होतं." पाळकबाबांनी सुटलेली सुतळी पुन्हा हातात घेतली. "सूनबाई, एक सांगू? माझा सूर चुकतो हे मला ठाऊक आहे. पहिल्या रविवारपासून ठाऊक आहे."

पंक्चरबाई बघतच राहिली. सगळ्या मंडळीने ही गोष्ट त्यांच्यापासून जिवापाड लपवली होती. गल्लीतली पोरं शाळेत जायच्या आधी हे शिकायची, की चूल गरम असते आणि पाळकबाबांना त्यांच्या गाण्याबद्दल सांगायचं नसतं.

"लग्नात गायले होते," पाळकीणबाई खोक्यामागून म्हणाल्या. "मला वाटलं दाढ दुखतेय."

"तुम्ही सगळ्यांनी माझी लाज राखलीत," पाळकबाबा म्हणाले. "पण आमचे बिशपसाहेब आणि मी शिकताना एका खोलीत राहायचो. ते म्हणायचे, तू बोल बाबा, गाऊ नकोस, देवाला कान आहेत. सगळी शाळा हसायची. त्यांच्यासमोर पुन्हा तेच नको. शेवटच्या दिवशी तरी लोकांनी ते गीत नीट ऐकावं."

"नीट म्हणजे कसं हो?"

"म्हणजे बरोबर सुरात."

"माझ्या नवऱ्याला मातीत ठेवलं तो सूर चुकीचा होता?"

पाळकबाबांची गाठ पुन्हा सुटली. सुतळी हातात तशीच राहिली.

"तुम्हाला लाज वाटते ती तुमची झाली," बाई म्हणाली. "पण तो सूर आता तुमच्या एकट्याचा नाही. आम्ही तो घातलाय, धुतलाय, वापरलाय. तुम्ही जा लेकीकडे. जाताना तो आमच्याकडे नीट देऊन जा. चोरासारखा खिशात घालून नेऊ नका."

"मी नाही देणार, सूनबाई. मला जमणार नाही."

"बघू," ती म्हणाली आणि निघाली. दारापर्यंत पाळकीणबाई आल्या. हळूच म्हणाल्या, "मी पुढच्याच बाकावर असणार आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानात चहाला चार माणसं जमली. इस्त्रीवाला, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, वसतिगृहाची स्वयंपाकीणबाई, आणि कोपऱ्यात टायरवर बसलेला दीर. पंक्चरबाईने सगळं सांगितलं. पाळकबाबांना सगळं ठाऊक आहे, हे ऐकून इस्त्रीवाल्याच्या हातातला कप तिरका झाला.

"म्हणजे आपण इतकी वर्षं उगाचच?"

"उगाच कसं? त्यांना कळत होतं की आपण करतोय. म्हणून तर ते टिकले इथे."

"मग आता करायचं काय? निळ्या झग्यांच्या वर ओरडायचं? त्यांच्याकडे माईक आहेत."

"ओरडायचं नाही. काही करायचं नाही. बसून राहायचं. पाळकबाबा सूर देत नाहीत तोवर उठायचं नाही. इतकी वर्षं जे करतोय तेच."

"एवढंच?"

"एवढंच. तुला जन्मात इतकं सोपं काम कुणी दिलंय का?"

स्वयंपाकीणबाई म्हणाली, "आणि त्यांनी दिलाच नाही तर?"

"तर बसून राहू. भाकरी करपायला ठेवून आलीयेस का तिथे?"

निरोप घरोघर पोचवायला माणसं गेली, तरी दीर बसून राहिला. पहिल्या कडव्याचा खरा पाया तो होता. सगळे विहिरीत उतरायचे, पण विहिरीचा तळ म्हणजे दिराचा आवाज.

"वहिनी, कंत्राटदार पुढे उभा राहून सगळं बघणार. मी नाही उठलो तर त्याला कळणार. पोटावर पाय येईल."

"कळतं मला."

"मुलीची फी भरायची राहिलीय."

"भाऊजी, उठायचं तर उठा. तुम्ही उठलात म्हणून मी तुमचं ताट ओढून घेणार नाही. रविवारी जेवायला माझ्याकडेच या."

"असं नका बोलू वहिनी," दीर काकुळतीला आला. "त्यापेक्षा शिव्या द्या."

रविवार उजाडला. चर्च नव्याने रंग दिल्यासारखं चकचकीत. पुढच्या बाकांवर पाहुणे, मधल्या बाकांवर पाहुण्यांचे पाहुणे, आणि मंडळी मागे, भिंतीकडेला जमिनीवर, दारांत, बाहेर अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. खिडक्या उघड्या होत्या म्हणून बाहेरच्यांना आतलं ऐकू येत होतं, एवढीच मेहरबानी. वेदीच्या एका बाजूला निळे झगे रांगेत उभे. दुसऱ्या बाजूला बिशपसाहेब, शेजारी पाळकबाबा नव्या कोटात, परक्या लग्नात आल्यासारखे. त्यांच्या पलीकडे नवा पाळक, कोवळा, बावरलेला.

दारात कंत्राटदार स्वागताला होता. पंक्चरबाईला बघून त्याने हात जोडले आणि दात न दाखवता हसला. "बाई, आज जरा आवाज आवरा. मोठी माणसं आहेत."

"आवरलाय," बाई म्हणाली. "आज इतका आवरलाय की तुम्हाला सोसणार नाही."

त्याला काही कळलं नाही. ती मागच्या बाकावर, आत्या बसायची त्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्या पुढच्याच ओळीत दीर होता. त्याची मान घामाने भिजली होती.

भाषणं झाली. कंत्राटदाराने पाळकबाबांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ज्या माणसाला आता कुठेच वेळेवर जायचं नाही त्याला माणसं घड्याळच का देतात, हे कोडं कुणी सोडवलेलं नाही. मग बिशपसाहेब बोलले. माणूस वाईट नव्हता. आठवणी सांगता सांगता म्हणाले, "आमचे हे मित्र सगळ्या विषयांत पहिले यायचे. फक्त गाणं सोडून. त्यांनी तोंड उघडलं की आम्ही खिडक्या बंद करायचो." पुढचे बाक हसले. मागे कुणी हसलं नाही. पाळकबाबा आपल्या बुटांकडे बघत हसले, आणि त्यांचे कान लाल झाले, अगदी त्या पहिल्या रविवारसारखे.

पंक्चरबाईने दोन्ही हातांनी बाक धरून ठेवला.

मग कंत्राटदार माईकपाशी आला. "आता आपलं आवडतं गीत, गायकमंडळाच्या गोड आवाजात. सर्वांनी उभं राहावं."

कीबोर्ड वाजला. निळे झगे गायला लागले. खोटं कशाला बोला, चांगलं गायले. घासून पुसून ठेवलेल्या काचेसारखं. पुढचे बाक उठले. मधले बाक उठले. आणि मागे कुणी हललं नाही. भिंतीकडेचे हलले नाहीत, दारांतले होते ते खाली उंबऱ्यावर टेकले, अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांतून एक आवाज आला नाही. उठलेल्या पाहुण्यांनी मागे वळून बघितलं. आपलं काही चुकलं की काय, असं वाटून मधल्या बाकावरचा एक जण हळूच खाली बसला. मग त्याची बायको बसली. मग ती ओळ.

कंत्राटदार बाकांमधल्या वाटेने चालत आला. हाताने "उठा, उठा" करत. इस्त्रीवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं की जणू भिंतीवरचं कॅलेंडर बघतोय. स्वयंपाकीणबाईने डोळे मिटले, प्रार्थनेत असल्यासारखे. कंत्राटदार शेवटून दुसऱ्या ओळीपाशी थांबला आणि त्याला दीर दिसला. त्याने फक्त भुवई वर केली, धन्याने कुत्र्याकडे बघून करावी तशी.

दीर उठायला लागला. त्याने हात गुडघ्यांवर टेकले, पाठ बाकापासून सुटली, तो अर्ध्यात आला. पंक्चरबाईला त्याची ओली मान दिसत होती. ताट ओढणार नाही, असं तिने सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

दीर अर्ध्यातच थांबला. अवजड माणूस, तसा किती वेळ थांबणार. मग तो मोठा उसासा टाकून खाली बसला. बाक असा करकरला की गायकमंडळातल्या पहिल्या ओळीने इकडे बघितलं.

पहिलं कडवं संपलं. दुसऱ्याला निळे झगे पातळ झाले. बसलेल्या माणसांपुढे उभ्याचं गीत कोण आणि किती म्हणणार. त्यांचा हात हलवणारा मास्तर गोंधळला, त्याने हात खाली घेतला, आणि कीबोर्ड दोन सूर एकटाच चालून थांबला.

बिशपसाहेबांनी पाळकबाबांकडे वळून विचारलं, "काय झालं? नाराज आहेत का?"

तेव्हा पंक्चरबाई बोलली. बसूनच बोलली, नेहमीच्या आवाजात, म्हणजे अंगणापलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

"बाबा, सूर द्या. गुडघे आखडले आमचे."

पाळकबाबांनी मान हलवली, नाही म्हणून. कंत्राटदार म्हणाला, "बाई, हे काय चाललंय?"

"आमचं गीत चाललंय. सुरू व्हायचंय फक्त."

पुढच्या बाकावरून पाळकीणबाई मागे न वळता, नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "द्या की. लग्नात काय मला विचारून दिला होतात?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग दारातले हसले, मग अंगणातले, आणि ते हसणं पहिल्या रविवारच्या हसण्यासारखं नव्हतं, ते घरातलं हसणं होतं. पाळकबाबांनी वर बघितलं. मागच्या कोपऱ्यापर्यंत त्यांची नजर गेली, जिथे एकेकाळी आत्या बसायची. ते पुढे आले. चष्मा काढून खिशात ठेवला. माईक त्यांच्यापुढे होता, तो हाताने बाजूला सारला.

आणि त्यांनी सूर दिला.

म्हातारपणाने आवाज अजून खाली गेला होता. आजवरच्या सगळ्या रविवारांपेक्षा खाली, आणि वर चिरलेला. बिशपसाहेबांनी डोळे मिटले, खिडक्या बंद करायची जुनी सवय. "चालत राहू," पाळकबाबा गात होते, एकटे, आणि मंडळी बसून ऐकत होती. सूर शोधत होती. क्षणभर वाटलं की तो इतका खाली गेलाय की आता कुणालाच सापडायचा नाही.

मग विहिरीच्या तळातून एक आवाज आला. दीर उठला होता. पूर्ण उठला होता, छाती पुढे काढून, कंत्राटदाराच्या अगदी कानाशी, आणि तळ धरून गात होता. पंक्चरबाई उठली आणि खाली उतरली. इस्त्रीवाला उठला, ॲम्ब्युलन्सवाला उठला, भिंतीकडेचे, उंबऱ्यावरचे, अंगणातले. प्लास्टिकच्या खुर्च्या मागे सरकल्याचा खडखडाट झाला, आणि त्याखालून ते पहिलं कडवं, सगळं वाकडं, सगळं खाली, सगळं एका सुरात, जमीन गुरगुरावी तसं चर्चमध्ये भरलं. बाया ओठ मिटून उभ्या होत्या. बिशपसाहेबांनी डोळे उघडले. त्यांनीही तोंड उघडून सूर धरायला बघितलं, पण त्या सुरात आत शिरायची वाट त्यांना सापडेना. ती बाहेरून आलेल्याला सापडतच नाही.

कडवं संपलं. एक श्वास.

आणि दुसऱ्या कडव्याला बायका आल्या. स्वयंपाकीणबाई, पाळकीणबाई, अंगणातल्या सगळ्या, एकदम, छपरावर. निळ्या झग्यांतल्या पोरींना राहवेना, त्या मास्तरला न विचारता आत शिरल्या. बिशपसाहेब शिरले. मास्तरने हात वर केला आणि उगाच हलवायला लागला, जणू हे सगळं त्यानेच चालवलंय. नवा पाळक रडत होता की हसत होता ते कळत नव्हतं. पत्रा खरोखर थरथरत होता. आत्याच्या वेळी थरथरला की नाही देव जाणे, पण या वेळी पुष्कळांनी वर बघितलं. पाळकबाबा दोन्ही हात वेदीवर टेकून, मान मागे टाकून, सगळ्या जगाला ऐकू जाईल असं बेसूर गात होते, आणि त्यांचे कान आता लाल नव्हते.

कंत्राटदारही उभा होता. ओठ हलत होते. मनापासून हलत होते की नाही, ते देवाने बघावं. पंक्चरबाईने बघितलं नाही.

गीत संपल्यावर माणसं बाहेर आली. पायरीवर कंत्राटदाराने दिराला गाठलं. "उद्या गाडीवर येऊ नकोस."

दिराने खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "मीच विचारणार होतो, कुणाकडे द्यायची ते." मग एवढं बोलून आपणच घाबरला आणि वहिनीच्या मागे येऊन उभा राहिला.

"दुकानात दुसरा जॅक पडून आहे," पंक्चरबाई म्हणाली. "गंजलाय. तुमच्यासारखाच. तेल घातलं की चालेल."

नवा पाळक गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला. "बाई, एक अडचण आहे. मला गाता येतं."

"असू दे. घेऊ सांभाळून."

सामानाचा टेम्पो फाटकाशी उभा होता. खोकी, गठ्ठे, वर ते घड्याळ. पाळकीणबाई आत बसल्या होत्या. पाळकबाबा सगळ्यांचे हात हातात घेत घेत शेवटी पंक्चरबाईपाशी आले. ती टेम्पोची चाकं दाबून बघत होती, सवयीने.

"सूनबाई, खरं सांग. आज तरी सूर बरोबर लागला होता का?"

तिने त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून अख्खी मंडळी जपून वागली होती.

"नाही, बाबा. आजवरचा सगळ्यात वाईट होता."

पाळकबाबा हसले. असे हसले की त्यांना टेम्पोचा आधार घ्यावा लागला, आणि हसत हसतच ते वर चढले. टेम्पो वळणापर्यंत गेला तेव्हा खिडकीतून ते गीत ऐकू आलं. विहिरीतलं कडवं. फाटकात उभ्या असलेल्या माणसांनी थोडा वेळ ऐकलं, सूर ओळखला, आणि मग रस्त्यावरच धरला.